कळते, पण वळत नाही : भावनिक निर्णयांचा मेंदूत शोध

गुम्मिडिपूंडी (चेन्नई) : चेन्नईच्या उत्तरेला, आंध्र प्रदेशच्या सीमेलगत असलेल्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या विविध राज्यांतून आलेले कामगार काम करतात. समजा, त्यांच्यापैकी एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना मिळून १,००० रुपये मिळणार आहेत. वाटणी कशी करायची, हे पहिल्याने ठरवायचे. दुसऱ्याने ती मान्य केली, तर दोघांनाही ठरल्याप्रमाणे पैसे मिळतील. त्याने नाकारली, तर दोघांच्याही हाती काही लागणार नाही. घासाघीस नाही आणि दुसरी संधीही नाही. पहिल्याने स्वतःकडे ८०० रुपये ठेवून दुसऱ्यापुढे २०० रुपये केले. दुसरा काय करील?

निव्वळ हिशेब सांगतो की, काहीच न मिळण्यापेक्षा २०० रुपये बरे. तरीही अशा वेळी पुष्कळ माणसे पैसे नाकारतात. समोरच्याला धडा शिकवण्यासाठी ती स्वतःचे नुकसान सोसतात. या नकारामागे राग असतो, अपमानाची जाणीव असते आणि न्यायाची चाडही असते. ‘अती राग, भीक माग’ ही म्हण मराठीत उगाच रूढ झालेली नाही. मात्र राग गिळून अन्याय मुकाट्याने स्वीकारणारा माणूस शहाणा की दुबळा, याचे उत्तर ती म्हण देत नाही.

हा राग आणि हा हिशेब मेंदूत नेमके कोठे आणि कसे एकमेकांना भिडतात, हे शोधण्यासाठी संशोधक गेल्या दोन दशकांपासून एक वेगळी पद्धत वापरत आहेत. निरोगी, सज्ञान व्यक्तीच्या डोक्यावर बाहेरून सौम्य चुंबकीय किंवा विद्युत उत्तेजन द्यायचे, मेंदूच्या ठरावीक भागाचे काम थोडा वेळ किंचित बदलायचे आणि त्या काळात ती व्यक्ती कोणता निर्णय घेते हे पाहायचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. तिने माणसाच्या स्वभावाविषयी काही अनपेक्षित गोष्टी उजेडात आणल्या. निरोगी माणसाच्या मनाशी असा खेळ करण्याची मर्यादा कोणती, हा प्रश्नही तिच्यामुळे उभा राहिला.

नकाराचा खेळ

वाटणीचा हा खेळ ‘अल्टिमेटम गेम’ या नावाने ओळखला जातो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तो प्रयोग म्हणून प्रथम मांडला. माणूस केवळ स्वतःचा फायदा पाहतो, असे गृहीत धरणाऱ्या अर्थशास्त्राला या खेळाने अडचणीत आणले. पाश्चात्त्य देशांतील प्रयोगांत बहुतेक जण साधारणपणे ४० ते ५० टक्के रक्कम देऊ करतात, तर २० टक्क्यांपेक्षा कमी रकमेचे प्रस्ताव जवळपास निम्म्या वेळा फेटाळले जातात, असे वारंवार दिसून आले.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ॲलन सॅन्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हा खेळ एफएमआरआय यंत्रात पडून असलेल्या १९ व्यक्तींना खेळायला लावला. अन्याय्य प्रस्ताव समोर येताच मेंदूतील ‘इन्सुला’ हा भाग अधिक सक्रिय झाला. किळस, वेदना अशा नकोशा अनुभवांशी त्याचा संबंध मानला जातो. त्याच वेळी कपाळामागचा ‘डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’ हा भागही सक्रिय झाला. उद्दिष्ट लक्षात ठेवणे, मोह आवरणे आणि विचारपूर्वक वागणे या कामांत तो महत्त्वाचा असतो. इन्सुलाची हालचाल अधिक असेल तेव्हा प्रस्ताव फेटाळला जाण्याकडे कल दिसला.

यावरून एक सुटसुटीत चित्र तयार झाले. इन्सुला म्हणजे तापलेले मन, कपाळामागचा भाग म्हणजे थंड डोक्याचा हिशेबनीस आणि निर्णय म्हणजे या दोघांतील झुंज. चित्र आकर्षक होते. पण ते खरे असल्याचा पुरावा मात्र अजून मिळालेला नव्हता.

छायाचित्र पुरेसे का नाही?

एफएमआरआय यंत्र मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपते. निर्णयाच्या क्षणी कोणता भाग सक्रिय होता हे त्यातून कळते; तो निर्णय त्या भागामुळे झाला का, हे कळत नाही. कारखान्याचा भोंगा वाजतो तेव्हा कामगार बाहेर पडतात, म्हणून त्यांना भोंगा बाहेर ढकलतो असे म्हणता येत नाही. भोंगा बंद ठेवून कामगार बाहेर पडतात की नाही हे पाहावे लागते. विज्ञानात यालाच हस्तक्षेपाचा प्रयोग म्हणतात.

मेंदूच्या बाबतीत असा हस्तक्षेप पूर्वी केवळ अपघाताने किंवा आजाराने होत असे. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यात १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाचा स्फोट झाला आणि फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, त्याची बोलण्याची आणि विचार करण्याची क्षमताही शाबूत राहिली. मात्र त्याचा स्वभाव पालटला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले.

पुढे आयोवा विद्यापीठात अँटोनिओ दामासिओ, अँटोइन बेचारा आणि सहकाऱ्यांनी कपाळाच्या तळाशी असलेल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. १९९४ मध्ये त्यांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा एक खेळ प्रसिद्ध केला. दोन गड्ड्या आधी मोठा लाभ देतात आणि शेवटी बुडवतात. उरलेल्या दोन थोडे थोडे देतात, पण अखेर फायद्यात ठेवतात. निरोगी खेळाडू हळूहळू चांगल्या गड्ड्यांकडे वळतात. कोणती गड्डी वाईट हे त्यांना शब्दांत सांगता येण्यापूर्वीच, तिच्याकडे हात नेताना त्यांच्या तळहाताला सूक्ष्म घाम येऊ लागतो, असे १९९७ मधील अभ्यासात दिसले. इजा झालेल्या रुग्णांना असा घाम आला नाही आणि ते वाईट गड्ड्यांतून पत्ते ओढत राहिले. भावना निर्णयाची शत्रू नसते, अनेकदा तीच निर्णयाला दिशा देते, हा विचार या संशोधनाने पुढे आणला.

तथापि, रुग्णांवरील अभ्यासाला मर्यादा असतात. इजा एकाच भागापुरती क्वचितच असते. काळाच्या ओघात मेंदू इतर मार्गांनी कमतरता भरून काढू लागतो, औषधांचाही परिणाम होतो. तो रुग्ण इजेपूर्वी कसा वागत असे, याची मोजमाप केलेली नोंद बहुधा नसते. त्यामुळे निरोगी मेंदूत, थोड्या वेळापुरता आणि पूर्ववत होणारा बदल घडवण्याची गरज भासू लागली.

कवटी न उघडता

ही गरज दोन तंत्रांनी भागवली. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस या तंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटीतून विनासायास आत जाते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म प्रवाह तयार होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्वच येथे कामी येते. वेटोळे हाताची हालचाल घडवणाऱ्या भागावर धरले, तर अंगठा आपोआप हलतो. प्रत्येक व्यक्तीसाठी उत्तेजनाची तीव्रता बहुधा याच कसोटीवर ठरवली जाते. सेकंदाला एक या मंद गतीने काही मिनिटे स्पंदने दिल्यास त्या भागाची उत्तेजनक्षमता थोड्या काळासाठी सामान्यतः कमी होते. काही मिनिटांतच मेंदू मूळ स्थितीवर येतो.

दुसरे तंत्र ट्रान्सक्रॅनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजेच टीडीसीएस. डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड ठेवून साधारणतः १ ते २ मिलिअँपिअरचा प्रवाह दहा ते वीस मिनिटे सोडला जातो. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर या तंत्राचा प्रसार झाला. हा प्रवाह मज्जापेशींना थेट पेटवत नाही. त्यांना पेटण्यास थोडे अधिक तयार किंवा थोडे अधिक अनुत्सुक करतो.

यापैकी कोणतेही तंत्र म्हणजे चित्रपटांतून मनात ठसलेला ‘शॉक’ नव्हे. ‘शॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ईसीटी या उपचारात भूल देऊन, शेकडो पट अधिक प्रवाहाने, हेतुपुरस्सर झटका आणला जातो. तीव्र नैराश्यासारख्या आजारांत तो उपचार मान्यताप्राप्त असून, भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो करण्यास भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनाई केली आहे. टीएमएस आणि टीडीसीएसच्या प्रयोगात व्यक्ती पूर्ण जागी असते, बोलत असते आणि केव्हाही थांबायला सांगू शकते.

झुरिचचा निष्कर्ष

थंड डोक्याच्या हिशेबनिसाचे चित्र खरे असेल, तर कपाळामागचा तो भाग थोडा वेळ मंद केल्यावर काय व्हायला हवे? हिशेब करणारा बाजूला झाला की राग मोकाट सुटेल आणि नकार वाढतील, असा अंदाज त्या चित्रातून निघत होता.

झुरिचमध्ये दारिया क्नोख, अर्न्स्ट फेर, अल्व्हारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे पडताळून पाहिले. ५२ निरोगी पुरुषांचे तीन गट करण्यात आले. एका गटाच्या उजव्या बाजूच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर मंद गतीचे टीएमएस देण्यात आले, दुसऱ्याच्या डाव्या बाजूवर आणि तिसऱ्याला केवळ उत्तेजनाचा आभास देण्यात आला. नंतर २० स्विस फ्रँकच्या वाटणीचा खेळ झाला. सर्वांत अन्याय्य प्रस्ताव ४ फ्रँकचा होता.

निकाल अंदाजाच्या उलट लागला. आभासी उत्तेजन मिळालेल्यांनी ४ फ्रँकचा प्रस्ताव दहापैकी जेमतेम एका वेळी स्वीकारला. उजवी बाजू मंद केलेल्यांनी तोच प्रस्ताव सुमारे ४५ टक्के वेळा स्वीकारला. डाव्या बाजूच्या उत्तेजनाने असा फरक पडला नाही. प्रस्ताव माणसाकडून न येता संगणकाने काढलेला असेल, तेव्हाही फरक दिसला नाही.

खरे आश्चर्य यापुढे होते. हा प्रस्ताव कितपत न्याय्य वाटतो, असे विचारल्यावर तिन्ही गटांनी सारखेच उत्तर दिले. ४ फ्रँक देणे अन्याय आहे, हे उजवी बाजू मंद झालेल्यांनाही तितकेच स्पष्ट दिसत होते. तरीही त्यांनी पैसे घेतले. मराठीत ज्याला आपण ‘कळते, पण वळत नाही’ म्हणतो, ती अवस्था प्रयोगशाळेत काही मिनिटांसाठी निर्माण झाली होती.

संशोधकांनी लावलेला अर्थ असा : मेंदूचा हा भाग रागाला आवर घालत नसून, समोर दिसणाऱ्या पैशाच्या मोहाला आवर घालतो. अन्याय ओळखणे ही एक गोष्ट आणि त्या ओळखीनुसार, तोटा सोसून, वागणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीसाठी मेंदूला वेगळे बळ लागते. स्वाभिमानाने दिलेला नकार हा बुद्धी गमावल्याचा परिणाम असतोच असे नाही. त्यात आत्मसंयमही असू शकतो.

भावना विरुद्ध बुद्धी?

पुढील अभ्यासांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. मायकेल कोनिग्ज आणि डॅनिएल ट्रॅनेल यांनी २००७ मध्ये कपाळाच्या तळच्या, भावनांशी निगडित मानल्या गेलेल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना वाटणीचा हाच खेळ दिला. भावना बोथट झालेली ही माणसे थंडपणे पैसे स्वीकारतील, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्यांनी निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक प्रस्ताव फेटाळले. म्हणजे भावनेचे काम केवळ भडकवण्याचे नाही. राग ताब्यात ठेवण्यातही तिचा वाटा आहे.

ख्रिश्चन रफ, ज्युसेप्पे उगात्सिओ आणि अर्न्स्ट फेर यांनी २०१३ मध्ये ६३ तरुणींवर टीडीसीएसचा प्रयोग केला. यात दुसऱ्याला किती पैसे द्यायचे हे सहभागी ठरवत. काही फेऱ्यांत कमी दिल्यास समोरची व्यक्ती दंड करू शकत असे, तर काही फेऱ्यांत दंडाची भीती नव्हती. उजव्या बाजूचा कपाळामागचा भाग अधिक उत्तेजित केल्यावर दंडाच्या भीतीने दिली जाणारी रक्कम वाढली. मात्र स्वेच्छेने दिली जाणारी रक्कम घटली. प्रवाहाची दिशा उलटी करताच दोन्ही परिणाम उलटले. न्याय्य काय, याविषयीचे सहभागींचे मत याही वेळी बदलले नाही.

एकाच जागी दिलेल्या एकाच प्रवाहाने धाकाखालचे औदार्य वाढावे आणि मनापासूनचे औदार्य घटावे, हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मेंदूत ‘चांगुलपणाचे बटण’ नाही, हे त्यातून दिसते. बाहेरून सारखी दिसणारी दोन वर्तने आतून वेगळ्या वाटांनी घडत असतात.

मर्यादांची जाणीव

या प्रयोगांची आकडेवारी वाचताना सावधगिरी आवश्यक आहे. अनेक अभ्यास काही डझन व्यक्तींवर झालेले असतात. लहान नमुन्यात योगायोगाने मोठा फरक दिसू शकतो आणि फरक दिसलेले अभ्यासच प्रसिद्ध होण्याची शक्यता अधिक असते. निरोगी व्यक्तींना एकदाच दिलेल्या टीडीसीएसचा आकलनविषयक क्षमतांवर विश्वासार्ह परिणाम आढळत नाही, असा निष्कर्ष जॅरेड होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून काढला. त्यांच्या पद्धतीवर इतर संशोधकांनी आक्षेप घेतले. पण त्यानंतर या क्षेत्राला आपली गृहीतके पुन्हा तपासावी लागली.

दुसरी अडचण कवटीची. मृतदेहांवरील मोजमापांसह २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, टाळूवर सोडलेल्या प्रवाहापैकी सुमारे ७५ टक्के त्वचा, इतर मऊ ऊती आणि कवटी यांतच खर्ची पडतो. कवटीची जाडी, केस आणि मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यामुळे सर्वांना सारखाच प्रवाह दिला, तरी प्रत्येकाच्या मेंदूला मिळणारी मात्रा सारखी नसते.

तिसरी मर्यादा खोलीची. नेहमीच्या वेटोळ्याचे टीएमएस पृष्ठभागापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच प्रभावी ठरते. भीतीशी निगडित ‘अमिग्डाला’सारखे खोलवरचे भाग त्याच्या थेट टप्प्यात येत नाहीत. संशोधक पृष्ठभागावरून त्या भागांशी जोडलेल्या जाळ्यांवर परिणाम घडवण्याचा प्रयत्न करतात. नेमक्या कोणत्या दुव्याने निर्णय बदलला, हे त्यामुळे ठामपणे सांगणे कठीण होते.

शिवाय टीएमएसचा टकटक आवाज आणि चेहऱ्याच्या स्नायूंची थरथर यांमुळे खरे उत्तेजन व आभास यांतला फरक सहभागीच्या लक्षात येऊ शकतो. टीडीसीएसमध्ये सुरुवातीची काही सेकंद प्रवाह देऊन तो बंद केला जातो. त्वचेची खाज दोन्ही गटांना जाणवत असल्याने हा आभास अधिक बेमालूम ठरतो.

वीस फ्रँक आणि वीस हजार रुपये

सर्वांत मोठा प्रश्न मात्र यंत्राचा नसून माणसाचा आहे. झुरिच किंवा बॉस्टनच्या प्रयोगशाळेत बसणारा स्वयंसेवक बहुधा विद्यार्थी असतो. वाटणीतली रक्कम त्याच्या एका जेवणाच्या खर्चाएवढी असते. महिन्याचा पगार गावी पाठवणाऱ्या गुम्मिडिपूंडीतील कामगाराच्या निर्णयाविषयी त्यावरून किती बोलता येईल?

याचे उत्तर मेंदू-उत्तेजनाच्या प्रयोगांत नाही. पण भारतातच झालेल्या इतर अभ्यासांत त्याचा अंदाज मिळतो. स्टेफेन अँडरसन, उरी नीझी, जॉन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातील खेड्यांत वाटणीचा हाच खेळ २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंतच्या रकमांवर खेळवला आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्कम वाढत गेली तसे अन्याय्य प्रस्तावांना मिळणारे नकार घटत गेले आणि सर्वांत मोठ्या रकमेला ते जवळजवळ नाहीसे झाले. कोणत्याही यंत्राने मेंदूला स्पर्श न करता, केवळ रकमेच्या वजनाने निर्णय बदलला होता.

तमिळनाडूतील आणखी दोन अभ्यास येथे उल्लेखनीय आहेत. डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी मदुराई परिसरातील ग्रामस्थांना एकाग्रता, स्मरण आणि कौशल्याचे खेळ दिले. काही महिन्यांच्या खर्चाएवढे बक्षीस पणाला लागलेल्या गटाची कामगिरी सर्वांत वाईट ठरली. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जिआयिंग झाओ यांनी विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तोडणीपूर्वी, हातात पैसे नसताना, हेच शेतकरी बौद्धिक चाचण्यांत मागे पडत आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर त्यांची कामगिरी सुधारत असे. शेतकरी तेच, मेंदूही तोच. बदलली ती परिस्थिती.

हे अभ्यास मेंदू-उत्तेजनाला खोटे ठरवत नाहीत. मात्र प्रयोगशाळेत मिळालेले ‘न्यायबुद्धीचे केंद्र’ रिकाम्या खिशाने वेगळे आणि भरल्या खिशाने वेगळे वागू शकते, हे ते बजावतात. अन्याय्य वाटणी मुकाट्याने स्वीकारणाऱ्या माणसाच्या मेंदूत दोष शोधण्यापूर्वी त्याच्या घरी चूल कशी पेटते, हे पाहणे आवश्यक ठरते.

निरोगी माणसाची संमती

रुग्ण प्रयोगात सहभागी होतो तेव्हा त्याला बरे होण्याची आशा असते. नैराश्यावरील उपचार म्हणून टीएमएसला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये परवानगी दिली. बंगळूरु येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या आवाजांवर टीडीसीएसचा उपयोग करण्याबाबत संशोधन झाले आहे. निर्णयप्रक्रियेच्या प्रयोगात बसणाऱ्या निरोगी व्यक्तीला असा कोणताही लाभ नसतो. ती ज्ञानासाठी, कुतूहलापोटी किंवा मानधनासाठी आपला मेंदू काही मिनिटे दुसऱ्याच्या हाती देते. म्हणून अल्प धोकाही येथे गांभीर्याने घ्यावा लागतो.

योग्य काळजी घेतल्यास धोका अल्पच आहे. टीडीसीएसमध्ये खाज, झिणझिण्या, त्वचेची लाली किंवा डोकेदुखी होऊ शकते. टीएमएसमध्ये अपस्माराचा झटका येण्याची शक्यता अत्यंत कमी असली, तरी ती शून्य नाही. म्हणून अपस्माराचा इतिहास असलेल्या, डोक्यात धातूचा तुकडा किंवा श्रवणयंत्राचे रोपण असलेल्या आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींना अशा प्रयोगांतून सामान्यतः वगळले जाते. त्यासाठी आधी प्रश्नावली भरून घेतली जाते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, अर्थात आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे अशा संशोधनाला लागू होतात. नैतिकता समितीची पूर्वपरवानगी, सहभागीला समजणाऱ्या भाषेत लेखी माहिती, कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क, संशोधनामुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, या त्यातील प्रमुख अटी आहेत. समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि सामान्य नागरिकही असणे अपेक्षित आहे. वेळ, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा मोबदला देता येतो. पण तो इतका असू नये की केवळ पैशाच्या ओढीने माणूस धोका पत्करील. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व्यक्ती आणि वरिष्ठांच्या अधिकाराखाली असलेले कर्मचारी यांना विशेष संरक्षणाची गरज असल्याचे ही तत्त्वे मान्य करतात. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार या दोन्ही वर्गांत मोडू शकतो.

येथे झुरिचच्या निष्कर्षाचे आणखी एक वळण लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तेजनाखालील व्यक्तीचे मत बदलले नव्हते, केवळ कृती बदलली होती. आपल्या मनात काही हलले, अशी सूचना तिला आतून मिळेलच असे नाही. त्यामुळे ‘काही वेगळे वाटले तर सांगा’ एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही. आपल्या निवडीवर परिणाम होऊ शकतो आणि तो आपल्याला जाणवणारही नाही, ही बाब सहभागीला आधीच स्पष्ट सांगावी लागते. परिणाम ओसरेपर्यंत त्याला थांबवून घेणे आणि शेवटी प्रयोगाचा हेतू उलगडून सांगणे, हेही संशोधकाचे कर्तव्य ठरते.

प्रयोगशाळेच्या दारापलीकडे

ज्ञान प्रयोगशाळेतून घाईने बाहेर पडले की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. पुण्यातील सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्याच्या निकालात आरोपीच्या मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचा पुरावा म्हणून विचार केला आणि त्यावर जगभरातील शास्त्रज्ञांकडून टीका झाली. त्यानंतर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-लहरींची चाचणी व्यक्तीच्या संमतीविना करता येणार नाही, असा निर्णय दिला. तेथे प्रश्न मेंदू वाचण्याचा होता. उत्तेजनाच्या तंत्रात तर मेंदूत बदल घडवण्याचा प्रश्न आहे. मेंदूतील हालचाली आणि त्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण देण्यासाठी चिली या देशाने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली.

टीडीसीएसचे उपकरण मुळात साध्या बॅटरीवर चालणारे असल्याने ते घरच्या घरी वापरण्याचा मोहही वाढतो आहे. एकाग्रता वाढेल, राग आवरेल असे दावे केले जातात. या क्षेत्रातील संशोधकांनीच २०१६ मध्ये खुले पत्र लिहून अशा घरगुती वापराविरुद्ध सावध केले. एका क्षमतेत भर घालताना दुसरी घटू शकते आणि वारंवार वापराचे दूरगामी परिणाम अद्याप पुरेसे तपासलेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. धाकाचे औदार्य वाढवून मनापासूनचे औदार्य घटवणारा तो प्रवाह आठवला की, या इशाऱ्याचे मर्म ध्यानात येते.

या साऱ्या संशोधनाचा हिशेब मांडला, तर हाती येणारी गोष्ट लहान असली तरी ठोस आहे. योग्य-अयोग्य ओळखणे आणि त्यानुसार वागणे ही मेंदूची दोन निराळी कामे असून, दुसरे काम सहज ढळू शकते. ते चुंबकाने ढळते, तसेच गरजेने, धाकाने आणि मोठ्या रकमेच्या ओढीनेही ढळते.

२०० रुपयांच्या प्रस्तावासमोर बसलेल्या त्या दुसऱ्या कामगाराकडे पुन्हा पाहू. त्याने पैसे घेतले, तर त्याला अन्याय कळला नाही असा अर्थ होत नाही. त्याने नाकारले, तर त्याचे डोके ठिकाणावर नव्हते असाही अर्थ होत नाही. वाटणी अन्याय्य आहे हे दोन्ही वेळी त्याला ठाऊक असते. त्या ठाऊक असण्याला कृतीचे बळ कशाने मिळते आणि ते कशाने हिरावले जाते, हा शोध प्रयोगशाळेतील संशोधकांइतकाच, पहिल्या कामगाराच्या जागी बसून वाटणी ठरवणाऱ्या प्रत्येकाशी संबंधित आहे.